राखीव यादीतून रांगेत: लोकनृत्याच्या संघातले अकरा आठवडे

जुलैच्या शेवटी आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी नावे मागवणारी सांस्कृतिक विभागाची नोटीस लागते. पहिल्या वर्षी मी ती तीन वेळा वाचली आणि तिन्ही वेळा, कोणी पाहत असेल तर, शेजारची ग्रंथालयाची सूचना वाचत असल्याचा आव आणून पुढे गेले. दुसऱ्या वर्षी, २२ जुलैला, मी नाव दिले. त्या दिवसापासून ऑक्टोबरमध्ये वेशभूषेची अनामत परत मिळेपर्यंत काय काय घडले, कुठे अडले, किती खर्च आला, हे सगळे येथे क्रमाने लिहीत आहे. नाव द्यावे की नाही या विचाराने फलकासमोर घुटमळणाऱ्या एखाद्या मुलीला आधी थोडी कल्पना असावी, एवढाच हेतू.

माझ्याविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते आणि तासगाव तालुक्यातल्या गावाहून रोज एसटीने सांगलीला येते. नाचण्याचा पूर्वानुभव म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमधली तिसरी रांग. आणि चारचौघांत मोठ्याने बोलायची वेळ आली की माझा आवाज गळ्यातच राहतो. कंडक्टरकडे राहिलेले सुटे पैसे मागायचे राहून गेले, असे कित्येकदा झाले आहे.

युवा महोत्सवाची रचना नवख्याला पटकन समजत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा असे तीन जिल्हे येतात. आधी जिल्हा महोत्सव होतो, त्यानंतर मध्यवर्ती. पुढे विद्यापीठाचा संघ राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘इंद्रधनुष्य’ महोत्सवाला जातो, जो राज्यपालांच्या पुढाकाराने २००३ पासून भरतो, आणि भारतीय विद्यापीठ संघाच्या विभागीय व राष्ट्रीय महोत्सवांची वाट त्याहून वेगळी असते. लोकनृत्याच्या संघात जास्तीत जास्त दहा नर्तक आणि पाच साथीदार चालतात, सादरीकरण दहा मिनिटांच्या आत संपवावे लागते, ध्वनिमुद्रित संगीत चालत नाही आणि शास्त्रीय नृत्य चालत नाही. ध्वनिमुद्रण चालत नाही, या एका अटीने माझे पुढचे अकरा आठवडे कसे जाणार हे ठरवले. त्याचे कारण पुढे येईलच.

२७ जुलैला निवड चाचणी झाली. अठ्ठेचाळीस जण आले होते. मी यूट्यूबवर पाहून एक मिनिटाचे काहीतरी बसवून गेले होते, पण सरांनी ते कोणालाच करायला सांगितले नाही. त्यांनी एका मुलाला ढोल वाजवायला बसवले आणि आम्हाला बारा-बारा जणांच्या गटाने गोलात नुसते चालायला लावले. मध्येच ढोलाची लय वाढायची, मध्येच थांबायची, आणि सर वहीत काहीतरी टिपत राहायचे. ३० जुलैला यादी लागली. नृत्यासाठी चौदा नावे होती, त्यातली शेवटची चार राखीव, आणि माझ्या नावासमोर ‘राखीव – २’ असे लिहिलेले होते. त्या दिवशी मी घरी काहीच सांगितले नाही. राखीव असणे ही सांगण्यासारखी गोष्ट आहे की लपवण्यासारखी, हेच मला कळत नव्हते. आता सांगते की नाव राखीव यादीत आले तर सोडून देऊ नये. आमच्या पहिल्या दहांपैकी एक मुलगा सप्टेंबरमध्ये एनसीसीच्या शिबिराला गेला आणि एका मुलीची कागदपत्रे वेळेत पूर्ण झाली नाहीत.

कागदपत्रांचा विषय निघालाच आहे तर तो येथेच संपवते. प्रवेशिकेसोबत छायाचित्र असलेले ओळखपत्र, चालू वर्षाच्या शुल्काची पावती, मागील वर्षाचे गुणपत्रक, वयासाठी दहावीचे प्रमाणपत्र (वयाची अट पंचवीस वर्षांच्या आतली आहे) आणि बोनाफाईड एवढे लागले. शिवाय महाविद्यालयाने स्वतःसाठी पालकांचे संमतीपत्र घेतले. माझ्या ओळखपत्रावर वडिलांच्या नावात एक अक्षर चुकले होते. वर्षभर ते कोणाच्या लक्षात आले नव्हते, माझ्याही नाही. दुरुस्तीचा अर्ज, दहावीच्या प्रमाणपत्राची प्रत, पन्नास रुपये आणि नऊ दिवस, इतके त्या एका अक्षरापायी लागले. चार खेपांपैकी दोन केवळ यासाठी वाया गेल्या की खिडकीपलीकडच्या व्यक्तीने ‘उद्या या’ म्हटल्यावर ‘उद्या किती वाजता?’ हे मी विचारले नाही. अर्ज देताना त्याची दुसरी प्रत सोबत ठेवावी आणि तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. आमच्या ग्रंथपाल मॅडमनी हे सांगितले आणि पुढे हजेरीच्या प्रकरणात त्याचा फार उपयोग झाला.

संमतीपत्रावर अण्णांची सही घेणे मला सर्वांत अवघड वाटत होते. मी आईला मध्ये घातले, भाकरी करता करता तिने विषय काढला, आणि अण्णांनी एवढेच विचारले, “सुटणार किती वाजता?” नाचाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. आमच्या गावाकडे येणारी शेवटची गाडी स्थानकावरून सात चाळीसला सुटते. ती चुकली तर रात्री मुख्य रस्त्यावरच्या फाट्यावर उतरून तीन किलोमीटर चालावे लागते. त्या गाडीने परत यायचे, या अटीवर सही झाली.

तालीम पाच ते साडेसात होती आणि स्थानक महाविद्यालयापासून वीस मिनिटांवर आहे. हिशेब उघड होता, पण सरांना तो सांगण्याऐवजी मी रोज सव्वासातला पिशवी उचलून मागच्या दाराने निघून जाऊ लागले. शेवटच्या पंधरा मिनिटांत रचना बदलण्याचा सराव होत असे, तो माझा रोज बुडत होता. दोन आठवड्यांनी सरांनी विचारले, “तू मध्येच कुठे गायब होतेस?” सगळ्यांसमोर विचारल्यामुळे मला रडू फुटले आणि त्या रडण्यातच गाडीची वेळ बाहेर पडली. त्यावर आटपाडीकडचा एक मुलगा म्हणाला की त्याचीही गाडी रोज चुकते आणि तो मित्राच्या खोलीवर झोपतो. आणखी एका मुलीची तीच अडचण निघाली. दुसऱ्या दिवसापासून तालीम सव्वाचारला सुरू झाली. पंधरा दिवस तिघेही आपापल्या जागी गप्प होतो.

मंगळवारी आणि गुरुवारी माझे प्रात्यक्षिक साडेचारपर्यंत असे, त्यामुळे नव्या वेळेने दुसरा पेच उभा केला. सांस्कृतिक विभागाचे पत्र विभागप्रमुखांना दिल्यावर प्रात्यक्षिकाची सकाळची तुकडी मिळाली. हे पत्र गैरहजर राहण्याआधी द्यायचे असते, नंतर दिले तर ती विनवणी ठरते. पंचाहत्तर टक्के हजेरीची यादी लागली तेव्हा माझे दोन दिवस कमी दाखवले होते. आवक शिक्क्याची प्रत दाखवल्यावर ते दहा मिनिटांत सुधारले.

आम्ही गजी नृत्य निवडले होते. सांगली, सोलापूर आणि साताऱ्याच्या माणदेशात धनगर समाज बिरोबाच्या यात्रेत हे नृत्य करतो: दोन्ही हातांत रंगीत रुमाल, डोक्याला फेटा, पायात चाळ आणि मध्ये ढोल. परंपरेने ते पुरुषांचे आहे. आमच्या संघात सहा मुले आणि चार मुली होत्या आणि आमच्यापैकी फक्त दोघांच्या घरी ते नाचले जात होते. ऑगस्टच्या मध्यापर्यंत आम्ही मोबाईलवरच्या चित्रफिती पाहून तालीम करत होतो आणि आपले फार छान चालले आहे असे आम्हाला वाटत होते.

२५ ऑगस्टला, रविवारी, सर आम्हाला कवठेमहांकाळ तालुक्यात घेऊन गेले. आरेवाडीला बिरोबाचे मोठे देवस्थान आहे, तिथून जवळच्या एका वस्तीवर गजीचे जुने जाणते एक तात्या राहतात. सत्तरी ओलांडलेले, गुडघे धरलेले, बाजेवर बसूनच त्यांनी आमचे साडेआठ मिनिटांचे नृत्य पाहिले. संपल्यावर आम्ही धापा टाकत उभे होतो. ते म्हणाले, “आता चाला.” आम्हाला कळेना. “नुस्तं चाला. रुमाल खाली ठेवा.” त्यांच्या नातवाने ढोल घेतला आणि आम्ही शेळ्यांच्या वाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत सुमारे तासभर नुसते चाललो. एका बाजूला काठी आणि दुसऱ्या बाजूला हाताचा पंजा, असा तो ढोल वाजत होता. पंधराएक मिनिटांनी मला काठीच्या ठोक्यामागून येणारी पंजाची दबकी थाप वेगळी ऐकू येऊ लागली. एवढे दिवस आम्ही मनात ‘एक-दो-तीन-चार’ मोजत होतो आणि ढोल आमच्या मागे येईल असे धरून चाललो होतो. इथे पाऊल थापेवर सुटत होते आणि ठोक्यावर टेकत होते. मोजायची गरजच उरली नव्हती.

मुली नाचतात म्हणून तात्या काही बोलतील अशी भीती होती, पण त्यांना त्याचे काही वाटले नाही. हरकत निघाली ती दुसऱ्याच गोष्टीला. आमच्या शेवटच्या रचनेत भंडारा उधळायचा होता आणि पिवळ्या प्रकाशात तो उठून दिसेल असे आम्ही ठरवले होते. जेवताना मी सहज विचारले की किती किलो लागेल. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याने माणसे, रस्ता, देऊळ सगळे पिवळे होते, ते मी लहानपणी पाहिले होते. तात्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, “त्यो देवाचा हाय. परीक्षकाचा न्हवं.”

परतीच्या गाडीत यावर बराच वाद झाला. भंडाऱ्याशिवाय शेवट फिका पडेल असे बहुतेकांचे म्हणणे होते, आणि परीक्षक लय, रचना, भाव, वेशभूषा, रंगभूषा आणि एकूण परिणाम पाहतात, तेव्हा परिणामाचे गुण जातील हेही खरे होते. मी राखीव दोन होते, माझे मत कोणी मागितले नव्हते. तरीही मी म्हणाले की आपण त्यांच्या दारात जाऊन विचारले आहे, आता उत्तर आवडले नाही म्हणून न ऐकल्यासारखे करता येणार नाही. वाक्य संपेपर्यंत माझे कान तापले होते. संघातल्या ज्या दोघांच्या घरी गजी नाचतात, त्यांपैकी एकाने हळूच मान हलवली. तो तोवर का बोलला नव्हता, हे मी त्याला नंतरही विचारले नाही. भंडारा रद्द झाला. (व्यवहाराचीही एक बाब होती: सादरीकरण संपताच रंगमंच संघानेच मोकळा करून द्यायचा असतो आणि हळदीने फळ्या निसरड्या होतात.)

नृत्याचा आशय आणि गीताचे शब्द यांचे टिपण तीन प्रतींत प्रवेशिकेसोबत द्यावे लागते. ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण तात्यांचे बोलणे मी वहीत उतरवून घेतले होते. हे टिपण अनेक संघ शेवटच्या रात्री इंटरनेटवरून उतरवतात. तसे करू नये. तुमच्या रंगमंचावर जे दिसणार आहे तेवढेच त्यात असावे.

याच काळात माझा डावा गुडघा दुखू लागला होता. वाहनतळाच्या सिमेंटवर अनवाणी तालीम केल्याचा तो परिणाम होता. राखीव खेळाडूने दुखणे सांगितले तर तिला घरी पाठवतील, या समजुतीने मी आठ दिवस ते लपवले आणि नवव्या दिवशी जिना उतरता येईना. क्रीडाशिक्षकांनी चार दिवस विश्रांती, बर्फाचा शेक आणि पुढे गुडघ्याला पट्टा असे सांगितले, आणि तालीम व्यायामशाळेतल्या मॅटवर हलवली. पहिल्या दिवशी सांगितले असते तर विश्रांती बहुधा दोन दिवसांची पुरली असती.

९ सप्टेंबरला मी दहांमध्ये आले आणि मागच्या रांगेतली चौथी जागा मिळाली. त्या जागेबरोबर एक जबाबदारी होती, आणि ध्वनिमुद्रण नसल्याचा मुद्दा इथे येतो. ध्वनिफीत वाजत असती तर लय केव्हा बदलणार हे ठरलेले असते. आमच्याकडे ढोल वाजवणारा मुलगा रंगमंचाच्या कडेला होता आणि रांगेची दोन वर्तुळे पूर्ण झाली की नाही हे त्याला तिथून दिसत नव्हते. ते दिसायचे फक्त चौथीला. वर्तुळे जुळली की तिने उजवा रुमाल डोक्यावर नेऊन ‘हां!’ अशी हाळी द्यायची आणि त्यानंतर ढोल जलद चालीत जायचा.

पहिल्या दिवशी माझी हाळी माझ्या शेजारणीलाही ऐकू गेली नाही. दुसऱ्या दिवशी ढोलवाल्याने मध्येच वाजवणे थांबवून विचारले, “दिलीस का?” सगळे हसले, मीही हसले, आणि आतून पार खचले. आठवडाभर संघ माझ्या रुमालावर भागवत होता. मग सरांनी एक उपाय केला: तालमीच्या आधी दहा मिनिटे मला मैदानाच्या एका टोकाला आणि ढोलवाल्याला दुसऱ्या टोकाला उभे केले. त्याला ऐकू आली तरच तो एक ठोका देणार. मधोमध मुले क्रिकेट खेळत होती आणि त्यांनी माझी यथेच्छ नक्कल केली. चौथ्या दिवशी ठोका आला. आवाज गळ्यातून काढायचा नसतो, श्वास पोटात घेऊन तिथून सोडायचा असतो, हे मला तोंडी सांगून झाले होते, पण कळले ते त्या ठोक्यानंतर. पुढच्या आठवड्यात मी कंडक्टरकडे चार रुपये मागितले, तेव्हा अर्ध्या गाडीने वळून पाहिले. मोजून आवाज द्यायला शिकायला आणखी काही दिवस गेले.

जिल्हा महोत्सव ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होता. सकाळी आठला नोंदणी करून ओळखपत्रे तपासून घ्यावी लागली आणि चिठ्ठीत आमचा सतरावा क्रमांक आला. म्हणजे रंगमंचावर जायला दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटे झाली. या वाट पाहण्याची तयारी कोणी करून घेत नाही. फेटे नऊला बांधले तर तीनपर्यंत ढिले पडतात, म्हणून बारा क्रमांक होऊन गेल्यावरच बांधावेत. केळी, चिक्की आणि पाणी जवळ ठेवावे, यजमानांच्या जेवणाची रांग फार मोठी असते. सेफ्टी पिना मोजून घ्याव्यात आणि चाळाच्या पट्ट्यावरून कापडी पट्टी गुंडाळावी.

रुमाल मात्र बोटाला दोऱ्याने अडकवावा, हे मला कोणी सांगितले नव्हते. चौथ्या मिनिटाला उजवा रुमाल माझ्या हातातून निसटला. तो शेजारणीच्या पायाखाली आला, तिचा पाय वीतभर घसरला, तिने तो गिरकीत जिरवला आणि ती पुढे गेली. वर्तुळे जुळत आली तेव्हा माझा उजवा हात रिकामा होता. मी हात वर नेला आणि हाळी दिली. घाबरल्यामुळे ती ठरल्यापेक्षा दोन आवर्तने आधी गेली, पण ढोलवाल्याने माझ्याकडे न पाहता आवाजावर विश्वास ठेवला, लय पालटली, आणि अर्धवट जुळलेली वर्तुळे पळता पळता पुरी झाली. पाय ठोक्यावर टेकत होते. नृत्य सात मिनिटे पन्नास सेकंदांत संपले. आत आल्यावर शेजारणीने माझा रुमाल माझ्या हातात दिला, त्यावर तिच्या टाचेचा स्पष्ट ठसा होता.

आमचा क्रमांक आला नाही. पहिल्या आलेल्या संघाचा शेवट पाहिला होता, तो आमच्यापेक्षा निर्विवाद सरस होता. बसमध्ये अर्धा तास कोणी बोलले नाही, नंतर कोणीतरी चिक्कीचा उरलेला पुडा फिरवला. अण्णा फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे होते. त्यांनी विचारण्याआधीच मी सांगून टाकले की नंबर नाही आला. ते म्हणाले, “बस मागं,” आणि वाटेत ऊस कधी तुटणार यावर बोलत राहिले.

माझा स्वतःचा खर्च असा झाला: जुने चाळ ६०० रुपये, गुडघ्याचा पट्टा २८०, छायाचित्रे आणि झेरॉक्स ६०, ओळखपत्राची दुरुस्ती ५०, जादा प्रवास ७४०, खाणे ४५०. एकूण २,१८० रुपये. वेशभूषेचे भाडे आणि बसचा खर्च महाविद्यालयाने उचलला, मात्र प्रत्येक बिल महाविद्यालयाच्या नावाने आणि तारखेसह हवे असते. कोऱ्या कागदावर लिहून दिलेली फेटेवाल्याची पावती परत आली आणि मला पुन्हा दुकानात जावे लागले. त्या वेळी मात्र मी ‘उद्या किती वाजता?’ असे विचारून आले.

वेशभूषेची तीन हजारांची अनामत संघाने आपसात गोळा केलेली होती. परत देताना एक फेटा कमी निघाला, तो महोत्सवाच्या मैदानावरच कुठेतरी राहिला असावा. दुकानदाराने ४५० रुपये कापून घेतले, म्हणजे दहा जणांत डोईवर ४५. हिशेब माझ्याकडे असल्याने तोटा वाटून घेण्याचे कामही माझ्याकडे आले, आणि ४५ रुपये मागायला मी प्रत्येकाला स्वतः फोन केला. आठ जणांनी दिले. ढोलवाल्याचा यात संबंध नव्हता, तरी त्याने आपणहून द्यायची तयारी दाखवली, ती मी नाकारली. ज्या शेजारणीच्या पायाखाली माझा रुमाल आला, तिचे म्हणणे असे आहे की तिचे ४५ त्या घसरण्यात फिटले. मला ते मान्य नाही आणि मी तिला तसे तीन वेळा सांगितले आहे.